तीस पुड्यांचा हिशेब

(वर्षावासानिमित्त संस्थेच्या सभागृहात सभासद व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने या वेळी आम्हाला ‘पैशाची चिंता’ असा विषय दिला. या विषयावर बँकेतला एखादा अधिकारी बोलवावा, असे आम्हीच प्रथम सुचविले होते. त्यावर आपले चिटणीस म्हणाले, बँकेतला माणूस पैशाविषयी बोलेल, चिंतेविषयी बोलायला ज्याने ती केली आहे तो माणूस हवा. त्या बाबतीत आमचा अनुभव दांडगा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून उभे राहिलो आहोत.

सुरुवात आपल्या संस्थेपासूनच करू. आपली मासिक वर्गणी किती थोडी आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही दरवर्षी काही सभासदांची वर्गणी थकते. थकली तर थकली, संस्थेचे त्यावाचून अडत नाही. पण वर्गणी थकलेला माणूस आधी सभेला येणे बंद करतो, मग पौर्णिमेच्या वंदनेला येणे बंद करतो, आणि पुढे स्टेशनच्या पुलावर आपण समोरून येताना दिसलो तर मोबाईलमध्ये तोंड घालून निघून जातो. साठ-सत्तर रुपयांसाठी आपण एक माणूस गमावतो. मुलगा आजारी पडला तरी तो मग आपल्याला सांगत नाही. पैशाची चिंता माणसाला आधी एकटे पाडते, आणि गरीब त्यानंतर करते, असे आमचे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. आम्ही स्वतः तसे एकटे पडलो होतो. ती हकीकत सांगतो. लांबेल थोडी, पण आज दुसरे फारसे सांगायचे नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, एका गिरणीत कताई खात्यात होते. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे धाग्याला तोंड लावावे लागते म्हणून आपल्या माणसांना जुन्या काळात घेतच नसत. ज्यांचे वाडवडील गिरणीत होते त्यांना हे वेगळे सांगायला नको. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतले बहुसंख्य कामावर परतले ते कधीच नाहीत. दादांचेही तेच झाले. परळची खोली गेली. १९८४ साली आम्ही नालासोपाऱ्याला पूर्वेला एका चाळवजा इमारतीत आलो. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. महानगरपालिका २००९ साली आली, पालघर जिल्हा तर २०१४ सालचा. रस्ता कच्चा, पाणी टँकरचे, आणि पहाटेची गाडी चुकली की कामाचा खाडा. आम्ही फोर्टात एका कचेरीत कारकून होतो. पगार हातात साडेआठशे रुपये. घरात आई, दादा, आमची मंडळी, एक धाकटी बहीण आणि आमचे पहिले मूल, असे सहाजण.

त्याच वर्षी दादांच्या छातीच्या आजाराने उचल खाल्ली. इस्पितळासाठी आम्ही एका खाजगी सावकाराकडून तीन हजार रुपये घेतले. व्याज शेकडा पाच. विद्यार्थ्यांसाठी सांगतो, ‘शेकडा पाच’ हे ऐकायला फार सौम्य वाटते, पण ते महिन्याचे असते. शंभराला महिन्याला पाच, म्हणजे वर्षाला साठ टक्के. तीन हजारांवर महिन्याला दीडशे रुपये नुसते व्याज. दीडशे दिले की मुद्दल जिथल्या तिथे. आम्ही अठरा महिने दीडशे देत राहिलो. दोन हजार सातशे रुपये देऊन झाले आणि देणे राहिले तीन हजार. पहिल्या दिवशी होते तेवढेच.

हे आम्ही घरात सांगितले नव्हते. आईला काळजी नको, दादांना तर नकोच नको, आणि मंडळींना सांगायची लाज. रात्री झोप येत नसे. दाराची कडी वाजली की पोटात गोळा येई. कचेरीत बेरजा चुकू लागल्या आणि साहेबांची बोलणी खावी लागली. चुकलेल्या बेरजांचे कारण आम्हाला फार उशिरा, अगदी अलीकडे कळले. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी, तीच माणसे. ऊस तुटायच्या आधी, हात आखडता असताना त्यांना बुद्धीची काही कोडी घातली आणि पैसे हातात आल्यावर पुन्हा घातली. पैशाच्या ओढाताणीच्या दिवसांत त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली आढळली. म्हणजे माणूस मूर्ख असतो म्हणून पैशाच्या अडचणीत येतो असे नव्हे, अडचण स्वतःच डोक्यातली जागा अडवून बसते. आपल्याकडे कर्जबाजारी माणसाला ‘अक्कल नाही’ असे चटकन म्हणतात. त्या लोकांनी हे ऐकून ठेवावे.

तर एका रविवारी सावकाराचा माणूस घरी आला. दार आमच्या मंडळींनी उघडले. तो काय बोलला ते येथे सांगण्यासारखे नाही. तो गेल्यावर घरात कोणी रडले नाही, की भांडले नाही. जेवणे झाली, भांडी झाली, आई-दादा झोपले. मग मंडळींनी विचारले,

“अहो, एकूण देणं किती आहे?”

आम्ही म्हणालो, “आहे बरंच.”

“बरंच म्हणजे किती?”

मित्रहो, आम्हाला सांगता येईना. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे आकडे लिहिणारे आम्ही, स्वतःच्या घराचा आकडा आम्हाला ठाऊक नव्हता. मनात कुठेतरी आठ-दहा हजार धरून चाललो होतो. बहिणीच्या शाळेच्या वहीचे मधले पान फाडून मंडळींनी पुढे ठेवले. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर आमच्याहून चांगले. त्यांनीच लिहिले. सावकार तीन हजार. मेव्हण्याचे पाचशे. किराणा दुकानाचे चारशे दहा. शेजारच्या मावशींचे दोनशे. डॉक्टरांचे पंच्याऐंशी. बेरीज चार हजार एकशे पंच्याण्णव.

रक्कम लहान नव्हती, पाच पगारांच्या जवळपास होती. पण ज्या भुताला आम्ही दीड वर्ष घाबरत होतो ते याच्या दुप्पट होते. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी आम्हाला झोप लागली, आणि तोपर्यंत एक पैसाही फिटलेला नव्हता. फिटले होते ते फक्त ‘बरंच’.

आता पुढे काय करायचे, यावर आमचा आणि मंडळींचा मतभेद झाला. आमचे म्हणणे, व्याज सावकाराचे चढते आहे, तेव्हा जे काही उरेल ते त्यालाच द्यावे. हिशेबाच्या शास्त्राने आमचेच बरोबर होते, आजही कोणी हिशेबनीस तेच सांगेल. पण महिन्याकाठी दीडशे व्याज देऊन उरत होते शंभर-सव्वाशे, आणि तीन हजारांच्या डोंगरात ते कुठे दिसणार? मंडळी म्हणाल्या, “आधी डॉक्टरांचे पंच्याऐंशी देऊन टाका. उद्या दादांना परत न्यायचं झालं तर तोंड दाखवता आलं पाहिजे.” पुढच्या पगाराला पंच्याऐंशी दिले आणि त्यांनी त्या पानावरची शेवटची ओळ खोडली. पेनाने, चांगली दोनदा. मग दोन महिन्यांत मावशींचे दोनशे. त्या तर विसरूनच गेल्या होत्या, किंवा तसे म्हणाल्या. मग किराण्याचे चारशे दहा चार हप्त्यांत. दुकानदाराने खाते मिटवल्यावर पोराच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. गोळी पाच पैशांची असेल, पण त्या दिवशी आम्ही बाजारातून मान वर करून आलो.

या लहान लहान ओळी खोडल्याने सावकाराच्या कर्जात एक रुपयाही कमी झाला नाही, हे खरे. कमी झाला तो आमचा भेकडपणा. आमच्या कचेरीत नोकरांची सहकारी पतपेढी होती आणि तिचे व्याज शेकडा बारा होते, पण वर्षाचे. हे आम्हाला आधीपासून माहीत होते. मग दीड वर्ष तिच्याकडे का गेलो नाही? कारण सभासद होऊन सहा महिने भागभांडवल भरावे लागे आणि कर्जाला दोन जामीन लागत. जामीन मागायचा म्हणजे आपली परिस्थिती सांगायची. लाज वाटत होती, एवढेच. पान लिहिल्यानंतर आम्ही सभासद झालो, दर महिन्याला दहा रुपये भरले आणि सहा महिन्यांनी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे गेलो. बोलायचे वाक्य लोकलमध्ये चार वेळा पाठ केले होते. ते अर्धेही झाले नाही तोच तो म्हणाला, “सही कुठं करायची ते सांगा.” त्याच्यावरही कर्ज होते, त्याला या गोष्टी ठाऊक होत्या.

१९८६ च्या जानेवारीत पतपेढीचे तीन हजार उचलले आणि त्याच संध्याकाळी सावकाराचे तोंडावर मारले. फेब्रुवारीपासून पगारातून दीडशे कापले जाऊ लागले. तेच दीडशे, लक्षात घ्या. विद्यार्थ्यांनी घरी जाऊन हे गणित करून पाहावे. तीन हजार रुपये, महिना एक टक्का व्याज, उरलेल्या मुद्दलावर, हप्ता दीडशे. पहिल्या महिन्यात तीस रुपये व्याज जाते आणि एकशे वीस मुद्दलात जमा होतात. पुढे व्याज घटत जाते, मुद्दल वाढत जाते आणि तेविसाव्या हप्त्याला खाते बंद होते. ज्या दीडशे रुपयांनी अठरा महिन्यांत काहीही फिटले नव्हते, त्याच दीडशेंनी तेवीस महिन्यांत सर्व फिटले. मेव्हण्याचे पाचशे त्याच काळात दिवाळीच्या बोनसमधून दिले.

दादा १९८७ च्या जूनमध्ये गेले. तेव्हा सहा हप्ते बाकी होते. घरात सगळे उघड झाल्यापासून ते दर महिन्याला विचारीत, “किती राहिले?” आणि आम्हाला आकडा सांगता येत असे.

आता हे सगळे आम्ही शोधून काढले, असा आमचा दावा नाही. आपल्या घराघरांत माता रमाईंची एक आठवण सांगितली जाते. बाबासाहेब घरखर्चासाठी ठराविक रक्कम देत. ती रक्कम आली की रमाई तिच्या तीस पुड्या बांधून ठेवीत आणि रोज एकच पुडी सोडीत. लहानपणी आम्ही ही गोष्ट रमाईंच्या काटकसरीची म्हणून ऐकली, भाषणांतही तशीच सांगितली जाते, आणि ऐकणाऱ्या बायाबापड्या डोळे पुसतात. आज आम्हाला तिच्यात काटकसरीपेक्षा हुशारी जास्त दिसते. महिन्याची रक्कम समोर असली की दोन वाईट गोष्टी होतात. पहिल्या आठवड्यात ती फार वाटते, आणि तिसऱ्या आठवड्यात संपत आली की छातीत धडधडते. पुडी बांधली की प्रश्न महिन्याचा राहत नाही, आजचा होतो. आज या पुडीत भागवायचे. भागले, तर आजचा दिवस जिंकला. एखाद्या दिवशी दोन आणे उरले, तर ते उद्याच्या पुडीत. संपूर्ण महिन्याला तोंड देण्याची ताकद कोणाच्याच अंगात नसते, एका दिवसाला तोंड देता येते. (एकतीस तारखेचे काय करीत असतील, असे आमच्या नातीने परवा विचारले. गृहिणींना हा प्रश्न पडत नाही, त्या आधीच तजवीज करतात.)

आणि हे विसरू नका की त्या पुड्यांच्या पलीकडच्या टोकाला कोण होते. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे सरकारच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा हा अर्थशास्त्रज्ञ घरच्या रुपयाची ओढाताण पुस्तकातून शिकलेला नव्हता. १९१७ मध्ये परतताना त्यांची पुस्तके असलेले जहाज बुडाले. त्याची सहाशे रुपये भरपाई मिळाली, आणि बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला जाण्याचा खर्च त्यांनी त्यातूनच भागविला.

रमाईंच्या पुडीला आता संशोधकांचा दाखलाही मिळाला आहे. दिलीप सोमण आणि अमर चीमा या दोघांनी भारतातल्या ग्रामीण मजुरांबरोबर केलेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. मजुरीतून बाजूला काढायची रक्कम काहींना एका बंद पाकिटात दिली, काहींना तीच रक्कम दोन पाकिटांत विभागून दिली. दोन पाकिटेवाल्यांची बचत जास्त झाली, कारण एक पाकीट फोडले तरी दुसरे फोडताना हात थबकतो. आणि ज्यांच्या पाकिटावर त्यांच्या मुलांचे चित्र होते, त्यांचा हात आणखी थबकला. वरळी-परळच्या चाळींतल्या आयांनी हे डाळीच्या डब्यात आणि तांदळाच्या पिंपात केव्हाच केले होते, फक्त त्यावर निबंध लिहिला नव्हता.

धम्मात याविषयी काय सांगितले आहे, असे विचारले जाते. आपण बसलो आहोत ती सोपाऱ्याची भूमी आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी येथला स्तूप उकरला, तो एका भरभराटलेल्या बंदराचा स्तूप होता. तथागतांचे ऐकायला भिक्खू बसत तसे व्यापारी, सोनार, शेतकरी, पोराबाळांचे गृहस्थही बसत. म्हणून संपत्तीविषयी तथागत नाक मुरडून बोलत नाहीत. अंगुत्तर निकायात अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. त्यांत संपत्ती असण्याचे आणि ती उपभोगण्याचे सुख आहे, आणि त्यांच्या जोडीने ऋण नसण्याचे सुख वेगळे मोजले आहे. त्याच निकायात दुसऱ्या एका सुत्तात दारिद्र्याची पुढची पायरी कर्ज, त्याची पुढची व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन, असा क्रम लावला आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा क्रम वाचताना आम्हाला आमच्या दारात उभा असलेला तो रविवारचा माणूस आठवतो.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन कामधंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी. यावर एकदा एका नाका कामगार उपासकाने आम्हाला विचारले, “साहेब, आमचे चारही भाग पहिल्याच भागात जातात, त्याचे काय करायचे?” प्रश्न अगदी रास्त होता. ज्याची मजुरी पोटालाच पुरत नाही त्याला चौथा भाग काढ म्हणणे हा क्रूरपणा आहे. आम्ही त्या सुत्तातून घेतो ते प्रमाण नव्हे. अडचणीच्या वाट्याला आधीच नाव देऊन तो वेगळा ठेवायचा, एवढे घेतो, मग तो वाटा विसावा का असेना.

त्या उपासकाबरोबर बसून आम्ही जे केले ते सांगतो. त्याला विचारले, तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? म्हणाला, पावसाची. वसई-विरारचा पाऊस आपल्याला माहीत आहे. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या होत्या. पावसात बांधकामे थांबली की नाक्यावर कोणी उचलायला येत नाही. म्हणजे त्याची चिंता ‘म्हातारपणी काय’ ही नव्हतीच, पावसाचे पंधरा दिवस ही होती. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत महिन्याला वीस दिवस काम धरले तर एकशेसाठ दिवस होतात. कामाच्या दिवशी वीस रुपये डब्यात. मेअखेर तीन हजार दोनशे. बिनकामाच्या दिवशी काही टाकायचे नाही आणि त्याचे वाईटही वाटून घ्यायचे नाही. पहिल्या वर्षी त्याचे अठराशेच जमले, कारण मध्ये मुलीला ताप आला. तो ओशाळून सांगायला आला. आम्ही म्हणालो, अरे, ताप आला तेव्हा कोणाकडे मागायला गेलास का? नाही ना? मग डबा कामालाच आला.

त्या उपासकाचे सगळे देणे फिटले, त्याने घर बांधले, असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. तसे झालेले नाही. मजुरी वाढावी, कामाची हमी असावी, आजारपणात सरकारी दवाखान्यात औषध मिळावे, या मागण्या डब्याने सुटत नाहीत, त्यासाठी संघटनाच लागते. डबा कशाला लागतो? रात्री झोप लागलेला माणूस सकाळी मोर्चाला येऊ शकतो, म्हणून.

एकट्याने डबा सांभाळणे मात्र कठीण असते. येथे आपल्या महिला मंडळाने पुढे यावे असे आम्ही मागेही म्हटले होते. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून गावोगावच्या बायांनी हे तंत्र पुरुषांपेक्षा फार चांगले आत्मसात केले आहे. आपल्याच वसईत कॅथलिक बांधवांनी १९१८ साली लहान प्रमाणावर सुरू केलेल्या सहकारी पतसंस्थेची आज केवढी बँक झाली आहे, ती आपण पापडीला जाता-येता पाहतो. गटात पैशाइतकेच महत्त्व आहे ते महिन्याच्या बैठकीला. कोणीतरी विचारणारे असते, ‘या महिन्याला काय झाले गं तुझे?’ भिशीतही हा गुण आहे, पण भिशीला वही नसते, नोंदणी नसते. आमच्या चाळीत एक भिशी बुडाली, तेव्हा सात घरांचे बोलणे तुटले ते कायमचे. भिशी करायचीच असेल तर रक्कम अशी ठेवा, की बुडाली तरी शेजार बुडू नये.

आता विद्यार्थ्यांकडे वळतो. आमच्या वेळी सावकाराला निदान जिना चढून यावे लागे. आता तो खिशात असतो. मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज. तीन हजार मंजूर, हातात दोन हजार, परत करायचे सात दिवसांत तीन हजार. दोन हजारांवर आठवड्याला एक हजार, म्हणजे आठवड्याला पन्नास टक्के. आमचा सावकार महिन्याला पाच घेत होता. त्याच्याविषयी आम्हाला आता जवळजवळ आदर वाटू लागला आहे! हप्ता चुकला की फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना फोन आणि फोटो. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली यावर नियम केले. कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधली संपर्क यादी घेता येत नाही, आणि कर्जाचा वर्षाचा एकूण खर्च आधी लेखी सांगावा लागतो. जे ॲप यादी मागते ते उघडू नका. उघडून फसला असाल तर लपवू नका, आमच्याकडे या, आपण मिळून सायबर पोलिसांकडे जाऊ. आणि ज्यांच्या घरी बिनपरवाना सावकारी चालू आहे त्यांनी लक्षात ठेवावे की महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने ती गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

फीच्या चिंतेविषयी एवढेच. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गणितात कच्च्या मुलांना वजाबाकीची बेचाळीस पाने सात बैठकांसाठी दिली. काहींना सांगितले, बेचाळीस पाने पुरी करा. काहींना सांगितले, रोज सहा पाने करा. काम तेच, पण रोज सहा पानेवाली मुले पुढे गेली, आणि विशेष म्हणजे त्यांना गणित आवडू लागले. तुमची बेचाळीस पाने म्हणजे ‘तीन वर्षांची फी कशी भरणार?’ हा प्रश्न. त्याचे आजचे सहावे पान काय? उत्पन्नाचा दाखला निघाला आहे का, हे पान. बँक खाते आधारला जोडलेले आहे का, हे पान. महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरून त्याची पावती वहीत चिकटवली का, हे पान. वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर स्वाधार योजनेची चौकशी, हे पुढचे. दरवर्षी आपली काही मुले शिष्यवृत्तीला मुकतात, ती गुण कमी म्हणून नव्हे, एक दाखला वेळेत निघाला नाही म्हणून. हा दोष मुलांइतकाच आम्हा मोठ्यांचाही आहे.

ज्यांना कमाई सुरू झाली आहे त्यांच्यासाठी पोस्टाचे आवर्ती ठेव खाते अजून जिवंत आहे. महिना शंभर रुपयांपासून, पाच वर्षांसाठी. पण आधी देण्याचे पान, मग पुस्तक. डोक्यावर महागडे कर्ज असताना शंभर रुपये पोस्टात टाकणे म्हणजे गळका हंडा भरणे होय. आणि लग्न, बारसे, जयंतीची वर्गणी यांनाही पानावर ओळ असू द्या. आपल्या वस्तीतल्या एका मंडळाने गेल्या वर्षी ध्वनिक्षेपकाच्या भिंतीवर जो खर्च केला त्याचा आकडा आम्ही येथे सांगत नाही, मंडळाचे पदाधिकारी समोरच बसले आहेत. त्यांच्याशी चहा पिताना बोलू.

मागच्या टेबलावर चाळीस पानी वह्या ठेवल्या आहेत. संस्थेने घेतल्या आहेत, किंमत नाही. पहिल्या पानावर फक्त देणे लिहायचे, कोणाचे किती, आणि खाली बेरीज. पान कोणाला दाखवायचे नाही, घरातल्या एका माणसाला सोडून. ज्यांना बेरीज करताना सोबत हवी असेल त्यांच्यासाठी आम्ही आणि आमच्या मंडळी दर रविवारी वंदनेनंतर तासभर येथेच बसू. ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांच्या घरी वही नेऊन देण्याचे काम युवा शाखेने घ्यावे, मात्र त्या वेळी वर्गणीचा विषय काढू नये. अक्षर लावायला मंडळी आहेत, त्यांचे अक्षर अजूनही आमच्याहून चांगले आहे.

जयभीम, नमो बुद्धाय.